लवणाऱ्या तबकडीची कथा

मोटारगाडीचा इतिहास सांगताना आपण इंजिनाबद्दल बोलतो, वेगाबद्दल बोलतो, फार तर फोर्डच्या कारखान्याबद्दल बोलतो. गाडीच्या पोटात जे शेकडो भाग इमानेइतबारे राबत असतात, त्यांची हकीकत सहसा कुणी सांगत नाही. आज अशाच एका भागाची गोष्ट सांगायची आहे. त्याचे नाव फ्लेक्सप्लेट. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेली ही पोलादी तबकडी जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी असते आणि जाडीला जेमतेम तीनएक मिलिमीटर. इंजिनाची सारी ताकद तिच्यातूनच पुढे जाते. तिला तडा गेला, तर धडधाकट इंजिनही भंगारात जाण्याची पाळी येऊ शकते. ती कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

या तबकडीच्या जागी मूळचे एक जाड, जड चाक. त्याला फ्लायव्हील म्हणतात. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांत ते आजही असते. कुंभार काठीने चाकाला गती देतो आणि काठी बाजूला ठेवली तरी चाक आपल्याच वजनाच्या जोरावर फिरत राहते. फ्लायव्हीलचे काम नेमके हेच. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये चार टप्प्यांपैकी एकाच टप्प्यात इंधन जळून जोर मिळतो. उरलेले तीन टप्पे हे चाक निभावून नेते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडून घ्यायचे. स्टार्टर आला आणि फ्लायव्हीलच्या कडेवर दाते आले. स्टार्टरचे छोटे दातेरी चाक त्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवून सुरू करते. जोर साठवणे, क्लचला टेकू देणे आणि स्टार्टरला दाते पुरवणे अशी तीन कामे या एका चाकाकडे आली.

त्याच सुमारास दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट आकाराला येत होती आणि तिचा मोटारगाडीशी काही संबंध नव्हता. जर्मनीतल्या स्टेटिन बंदरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्चेचिनमध्ये, व्हल्कन नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता. तिथे हेरमान फ्योटिंगर नावाचे अभियंता काम करीत. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोघांची सांगड कशी घालायची? फ्योटिंगर यांनी १९०५ साली या प्रश्नाच्या उत्तराचे पेटंट घेतले. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, की दोन पोलादी भाग एकमेकांना न चिकटता जोर पुढे जातो. मध्ये तिसरे, तेलाचा प्रवाह वळवणारे चाक बसवले, तर वेग कमी होऊन जोर वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर.

जहाजातली ही युक्ती रस्त्यावर यायला पंचवीस वर्षे लागली. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने तेलाने जोर पोचवणारे फ्लायव्हील आपल्या गाड्यांत बसवले. ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आणला. जादा किंमत ५७ डॉलर. गाडीत क्लचचे पेडलच नव्हते! दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीने धावला. हायड्रामॅटिकमध्ये मात्र दोनच पंख्यांची साधी जोडणी होती. जोर वाढवणारा खरा टॉर्क कन्व्हर्टर घेऊन ब्युइकची डायनाफ्लो १९४८ मध्ये आली आणि १९५० मध्ये शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडने तो मध्यमवर्गीयांच्या दारात नेला.

आता पाहा, तेलाने भरलेला हा कन्व्हर्टर स्वतःच चांगला जड असतो. फ्लायव्हीलचे जोर साठवण्याचे काम तो आयतेच करतो. क्लच तर उरलाच नाही. मग जुन्या जाड चाकाकडे दोनच कामे राहिली: स्टार्टरला दाते द्यायचे आणि कन्व्हर्टरला इंजिनाशी जोडायचे. त्यासाठी पातळ तबकडी पुरेशी होती. पुरेशीच नव्हे, पातळच हवी होती. तेलाच्या दाबाने कन्व्हर्टर किंचित फुगतो, उष्णतेने किंचित पुढेमागे सरकतो. मध्ये ताठ चाक असते, तर तो रेटा इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर आला असता. तबकडी लवते आणि तो रेटा पोटात घालते. तिचे लवणे हा तिचा दुबळेपणा नाही. तिचे ते कामच आहे.

पण लवण्यालाही मर्यादा असते. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसतील, तर तबकडी प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडे, एकदा तिकडे वाकते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर तासाभरात सव्वा लाखाच्या आसपास वेळा! एकच तार पुन्हापुन्हा वाकवून आपण ती तोडतो, तसाच प्रकार. मधल्या बोल्टांभोवती बारीक तडा जातो आणि गोल फिरत वाढतो. मग गाडीखालून ठकठक आवाज येऊ लागतो.

घोटाळा होतो तो इथे. हा आवाज कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेल्यावर येणाऱ्या आवाजासारखाच असतो. ऐकणारा मान हलवतो, ‘इंजिन गेले’ म्हणतो, आणि कित्येकदा इंजिन उतरवून उघडल्यावर आत सगळे ठीक निघते. जाणकार आधी तीन गोष्टी पाहतो. गिअरचा दांडा पार्किंगमधून ड्राइव्हमध्ये टाकला की आवाज बदलतो का? एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद केल्यावर आवाज दबतो का? बेअरिंगचा आवाज असेल तर तो त्या सिलिंडरपुरता दबतो; तबकडीचा दबत नाही. शेवटी इंजिन बंद करून, खालचे झाकण काढून, विजेरीच्या उजेडात तबकडी हळूहळू फिरवून पाहायची. तडा बहुधा तिथेच दिसतो.

अमेरिकेत जुन्या गाड्यांचे मालक हे काम घराच्या दारात करतात, त्यामागे हौस आहे तसा हिशेबही आहे. तबकडी स्वस्त असते. पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीपुढे जुन्या गाडीची किंमतच तोकडी पडते. १९५५ पासून बनलेल्या शेव्हरोलेच्या प्रसिद्ध व्ही-८ इंजिनाचे उदाहरण घ्या. बॅटरीची तार सोडायची, गाडी भक्कम स्टँडवर चढवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. प्रॉपेलर शाफ्ट काढायचा, कन्व्हर्टरचे तीन बोल्ट सोडायचे, पन्नास किलोहून जड गिअरबॉक्स कन्व्हर्टरसकट जॅकवर मागे सरकवायचा, मग तबकडीचे सहा बोल्ट. नवी तबकडी आणतानाही इतिहास आडवा येतो. या इंजिनाच्या काही तबकड्यांना १५३ दाते, काहींना १६८. शिवाय १९८६ पासून क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील बदलले, बोल्टांचे वर्तुळ लहान झाले आणि तोल सांभाळणारे वजन तबकडीवर आले. साल न पाहता तबकडी आणली, तर ती बसत तरी नाही, किंवा सारे इंजिन थरथरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुनी तबकडी का तडकली, हे शोधायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना रेषेत धरणाऱ्या दोन खुंट्या आधीच्या दुरुस्तीत हरवल्या असतील. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पुरता बसला नसेल आणि कुणीतरी बोल्ट आवळून तो बळेच ओढला असेल. नीट बसलेला कन्व्हर्टर मागे ढकलला, की तबकडीपासून साधारण तीन ते पाच मिलिमीटर मोकळा राहतो, आणि गिअरबॉक्सचे तोंड बोल्ट आवळण्याआधीच इंजिनाला टेकते. हे पाहिले नाही, तर नवी तबकडीही जुनीच्या वाटेने जाते.

आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात क्लच आणि फ्लायव्हीलच ठाऊक. २०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांतही नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. तिथे ही तबकडी नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्याही आता आपल्या रस्त्यांवर जुन्या होत आहेत. त्यातल्या एखादीच्या पोटातून ठकठक ऐकू आली, तर इंजिनाला मूठमाती देण्याआधी खालचे झाकण काढून बघावे. आवाज इंजिनाजवळ येतो म्हणून दोष इंजिनाचाच असतो, असे नाही. दुसऱ्यांचा वाकडेपणा मुकाट सोसणारा कुणीतरी मध्ये असतो, आणि तडा आधी त्याला जातो.