बुळकांडी ते जोन्स: शेळीला तिची लस कशी मिळाली

आपल्या मालेत लढाया झाल्या, किल्ले झाले, पलटणींचे इतिहास झाले. आज विषय शेळीचा आहे. हसू नका. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 14 कोटी 89 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. मी राहतो त्या लखनौच्या उत्तर प्रदेशात सुमारे 1 कोटी 45 लाख, आपल्या महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांची बँक ही. मुलीची फी असो की दवाखान्याचं बिल, एक बोकड विकला की भागतं. म्हणून शेळीचा रोग हा घरच्या तिजोरीला लागलेला रोग असतो.

सुरुवात पुण्यापासून करू. 1889 मध्ये सरकारने जनावरांच्या रोगांसाठी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली. 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. थंड हवा, वस्तीपासून दूर, जंतूंशी खेळायला सुरक्षित जागा. आजची बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच.

तिथलं पहिलं मोठं काम बैलांसाठी होतं. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. 1920 च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा फिरवला. फिरता फिरता तो गाईबैलांपुरता सौम्य झाला. शेळीच्या प्लीहेतून ही लस काढत. 1954 मध्ये देशाने बुळकांडीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा हीच लस लाखो गुरांना टोचली गेली. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, 2011 मध्ये सगळं जग. म्हणजे गाय वाचली त्यात शेळीचा वाटा मोठा. पण शेळी तिथे रोगी म्हणून नव्हती, लस बनवायचं भांडं म्हणून होती.

ती लस जिवंत विषाणूची. दुसरा रस्ता मेलेल्या जंतूंचा. 1886 मध्ये अमेरिकेत सॅल्मन आणि स्मिथ यांनी उष्णतेने मारलेले जंतू कबुतरांना टोचून दाखवलं की मेलेला जंतूही संरक्षण देतो. 10 जानेवारी 1897 ला मुंबईत हाफकिन यांनी तापवून मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस स्वतःला टोचून घेतली. फौजी भाषेत सांगायचं तर शत्रू मेलेला असला तरी त्याचा गणवेश शाबूत असतो. पहारेकऱ्याने तो एकदा नीट पाहिला, की पुढचा जिवंत शत्रू लगेच ओळखू येतो. फायदा असा की मेलेला जंतू रोग पसरवू शकत नाही. तोटा असा की पहारेकरी लवकर विसरतो. म्हणून तुरटीसारखी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जेलसारखी मदतनीस द्रव्यं मिसळावी लागतात आणि पुन्हा डोस द्यावा लागतो.

घटसर्प आणि आंत्रविषार यांच्या लशी अशाच, फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या. लखनौच्या बादशाहबागेत आणि पुण्याच्या औंधमध्ये राज्य सरकारांच्या संस्था जनावरांच्या लशी बनवत आल्या आहेत. आंत्रविषारात पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धडधाकट शेळी काही तासांत आडवी होते. पण ही लस जगात मुळात मेंढीसाठी घडली, आणि तीच शेळीला देण्यात आली. शेळीत तिचं संरक्षण मेंढीपेक्षा कमी आणि कमी दिवस टिकतं. शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे, हे पशुवैद्यकाला सावकाश उमगलं.

1979 मध्ये मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा शेळी पहिल्यांदा मुख्य रोगी झाली. तिथे जोन्स रोगावर दीर्घकाळ काम झालं. 1895 मध्ये जर्मनीत योने यांनी हा रोग ओळखला. त्यांच्याच नावाचा उच्चार आपल्याकडे जोन्स झाला. क्षयाच्या जंतूचा हा भाऊ आतड्यात बसतो. गाय याने सतत ढाळते. शेळी बऱ्याचदा ढाळतही नाही, नुसती वाळत जाते. मालक म्हणतो, खाणं अंगी लागत नाही, विकून टाका. बाजारातून ती दुसऱ्याच्या कळपात जाते आणि जंतूही सोबत जातो. प्रयोगशाळेत हा जंतू वाढायलाच कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे निदान व्हायच्या आत सौदा झालेला असतो.

मखदूमच्या शास्त्रज्ञांनी या रोगाने मरणपंथाला लागलेल्या एका जमुनापारी शेळीतून जंतू वेगळा केला. नाव एस-5. तो निघाला ‘इंडियन बायसन’ प्रकारचा. तो उष्णतेने मारून, अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलमध्ये मिसळून लस तयार झाली. लागण झालेल्या कळपांवरच्या चाचण्यांत लस दिलेल्या शेळ्यांची वजनं सुधारली आणि लेंड्यांतून जंतू पडणं कमी झालं. रोग मुळासकट गेला नाही, पण मोडकळीला आलेला कळप उभा राहू शकतो हे दिसलं. जमुनापारी ही इटावाकडची, याच प्रदेशाची जात. तिच्याच आजारातून तिच्याच जातभाईंसाठी औषध निघालं.

फौजेत उंचावरच्या ठाण्यांकडे जिवंत बकऱ्या चालवत नेत. त्याला आम्ही ‘मीट ऑन हूफ’ म्हणायचो. व्हेटर्नरी अधिकाऱ्याने पास केल्याशिवाय कळप हलत नसे. तिथे मी एक गोष्ट शिकलो: रसद कारखान्यात तयार झाली म्हणजे पोचली असं होत नाही. लशीचंही तेच. जेलची लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. बर्फाला चिकटून गोठली तर ती बाद, मग बाटली कितीही स्वच्छ दिसो. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी आंत्रविषाराचा दुसरा डोस चुकला, तर पहिला बराचसा वाया जातो. आणि दोन शेळ्यांच्या मालकिणीसाठी शंभर मात्रांची बाटली कोणी फोडत नाही, वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी शेळ्या आणल्या तरच जमतं.

बैलाच्या लशीमागे शेतसारा होता, घोड्याच्या औषधामागे पलटण होती. शेळीच्या मागे कोण उभं होतं? बहुतेक वेळा एक म्हातारी, हातात काठी घेऊन. तिच्यासाठी लस बनायला शंभर वर्षं लागली. आता ती तिच्या वाडीपर्यंत थंड आणि वेळेवर पोचवणं, ही या इतिहासातली अजून न संपलेली लढाई आहे. तुमच्या गावात मे महिन्यात लसीकरणाचा दिवस ठरतो का, एवढं दवाखान्यात जाऊन जरूर विचारा. जय हिंद.