बिनजाळाची शेगडी

आपल्याकडे रेडिएटर म्हटले की मोटारीच्या तोंडाशी बसवलेले, घाट चढताना तापून वाफ सोडणारे ते पाण्याचे भांडे डोळ्यांसमोर येते. खंबाटकीच्या चढावर गाडी बाजूला घेऊन, हाताला फडके गुंडाळून, जपून टोपण उघडणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. विलायतेत मात्र याच नावाने घरातली, खिडकीखाली भिंतीला टेकून उभी असलेली लोखंडी पेटी ओळखली जाते. काम दोघांचे एकच. आतल्या पाण्याची उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकायची. मोटारीला ती उष्णता नकोशी असते, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला हवीशी असते, एवढाच काय तो फरक.

लंडनमधल्या आमच्या घरातली अशी एक पेटी यंदा गणपतीचे विसर्जन झाल्यावर मी काढून टाकली. सुमारे पन्नास वर्षे जिने आम्हाला ऊब दिली तिला असे घराबाहेर का काढले, हे आधी सांगतो.

गेल्या माघात आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली. पण डाव्या हाताची संवेदना गेली ती गेलीच. जिना चढणे होईना, म्हणून खालच्या दिवाणखान्यात त्यांचा पलंग मांडला. खोली लांब पण अरुंद; पलंग भिंतीलगतच बसे आणि त्या भिंतीला ही पेटी. एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर त्या आपला डावा हात उजव्या हातात धरून निरखीत होत्या. मनगटाच्या वर रुपयाएवढा फोड टरारून आला होता.

"अहो, हे कधी झाले हो?" त्यांनीच मला विचारले.

रात्री केव्हातरी तो हात पेटीला लागला होता आणि लागूनच राहिला होता. अशा पेटीतून ६०-७० अंश तापलेले पाणी वाहते. इथल्या इस्पितळांत, रुग्णाचा हात जिथे लागेल तिथल्या पेटीचा पृष्ठभाग ४३ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही असा दंडक आहे. तो का आहे, हे मला त्या सकाळी कळले.

मग पेटी नुसती बंद का ठेवली नाही, असे वाचक विचारतील. मीही तेच विचारले. त्यावर आमचा प्लंबर हसला. घरातल्या बाकीच्या पेट्यांना खोली तापली की आपोआप मिटणाऱ्या चाव्या आहेत. सगळ्याच मिटल्या तर पंपाने ढकललेल्या पाण्याने जायचे कुठे? म्हणून एक पेटी नेहमी उघडी ठेवावी लागते, आणि आमच्या घरात ती नेमकी हीच होती. ती काढायची तर तिचे तोंड बंद करून भागणार नव्हते. पाण्याला दुसरी वाट करून देणे भाग होते.

काम सुरू झाले. बॉयलर विझवून सगळे निवू दिले. सर्वांत खालच्या तोटीला रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक बाहेर काढले आणि माडीवरच्या पेट्यांच्या हवेच्या चाव्या उघडल्या. पाणी निघाले ते शाईसारखे काळे. लोखंड आतून झिजून त्याची पूड पाण्यात मिसळते, तिचा तो रंग. हे पाणी आले कुठून, असे सौभाग्यवतींनी पलंगावरून विचारले. खरे सांगायचे तर ते कुठूनच आले नव्हते. एकदा भरलेले तेच पाणी वर्षानुवर्षे घरभर फिरत असते. तापते, निवते आणि पुन्हा तापायला जाते.

या बंदिस्त पाण्याच्या फेऱ्यात सारा इतिहास साठवलेला आहे. घर उबदार ठेवायचे तर जिथे माणसे बसतात तिथेच विस्तव पाहिजे, अशी माणसाची फार काळ समजूत होती. आपली शेगडी, काश्मिरी माणसाने फेरनाखाली धरलेली कांगडी, इंग्रजाच्या भिंतीतली कोळशाची चूल, सगळ्यांचे तत्त्व तेच. रोमन लोकांनी जमिनीखाली विटांचे ठेंगणे खांब उभारून त्यांमधून भट्टीची गरम हवा खेळवली आणि ही समजूत मोडली; इंग्लंडातल्या बाथ गावी ते खांब आजही पाहायला मिळतात. पण रोमन साम्राज्याबरोबर ती विद्याही युरोपातून बहुतेक लोपली.

ती वेगळ्या रूपाने परतली एकोणिसाव्या शतकात. अँजिअर मार्च पर्किन्स या लंडनवासी अमेरिकन इंजिनियराने १८३१ साली एक पेटंट घेतले. जाड लोखंडी पण बारीक पोकळीची एक सलग नळी, पाण्याने भरून दोन्ही अंगांनी बंद केलेली. तिचा एक भाग भट्टीत वेटोळे घालून ठेवलेला आणि बाकीचा भाग घरभर फिरवलेला. पुढल्याच वर्षी नामांकित वास्तुशिल्पी सर जॉन सोन यांनी आपल्या घरात ही योजना करवून घेतली. ते घर लिंकन्स इन फील्ड्समध्ये आहे आणि आता संग्रहालय म्हणून सर्वांना खुले आहे. पर्किन्सच्या नळ्या भयंकर तापत. लगतचे लाकूड करपेल अशी भीती लोकांना वाटे. घराण्याची गंमत अशी की याच अँजिअरच्या वडिलांनी, जेकब पर्किन्स यांनी, १८३४ साली थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मुलाने घर तापवले, बापाने आजच्या फ्रिजचा पाया घातला!

नळीची पेटी झाली ती रशियात. श्टेटिन गावी जन्मलेले फ्रांत्स सान गाल्ली हे कारखानदार सेंट पीटर्सबर्गला स्थायिक झाले होते. १८५५च्या सुमारास त्यांनी गरम पाण्याची लोखंडी पेटी तयार केली. नळीपेक्षा तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून कमी तापलेल्या पाण्यातूनही ती पुरेशी ऊब देई. रेडिएटर म्हणजे किरणे फेकणारा. पण प्रत्यक्षात या पेटीची बरीचशी उष्णता किरणांनी जात नाही. तिला लागलेली हवा तापून वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, आणि खोलीतली हवाच फेर धरते. नाव चुकीचे पडले, पण पडले ते पडलेच. पुढे अमेरिकेत ओतीव लोखंडाच्या, नक्षीदार पेट्यांचे कारखाने निघाले आणि रेडिएटर मध्यमवर्गाच्या घरात गेला. रशियन लोकांनी या पेटीचे उपकार स्मरून २००५ साली, तिच्या दीडशेव्या वर्षी, समारा शहरात तिचे चक्क स्मारक उभारले. त्यात पेटीच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर, एक मांजर सुखाने लोळते आहे.

लंडनने मात्र आपली कोळशाची चूल सहजासहजी सोडली नाही. लोकमान्य टिळक १९१८-१९मध्ये मेडा व्हेलजवळच्या हॉवले प्लेस येथे राहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये किंग हेन्रीज रोडवर राहून अभ्यास करीत होते. त्या लंडनच्या घराघरात कोळसा जळत होता आणि धुराड्यांतून धूर निघत होता. त्याचा हिशेब १९५२च्या डिसेंबरात चुकवावा लागला. ५ ते ९ तारखेपर्यंत शहरातल्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले, आणि चुलींचा व वीजकेंद्रांचा धूर त्याखाली कोंडला. पुढचा हात दिसेना. त्यावेळच्या अंदाजाने सुमारे ४,००० माणसे दगावली; नंतरच्या संशोधकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला आहे. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला तो यातूनच. नंतर उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांची उपकरणे घरोघर जाऊन या नव्या वायूसाठी बदलण्यात आली. वायूवरचा बॉयलर आणि पाण्याच्या पेट्या ही जोडी इंग्रजाच्या घरात पक्की झाली ती त्या काळात.

या बदलाचा मी साक्षीदार आहे. १९६९ साली मी इथे आलो तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीत वायूची लहानशी शेगडी होती आणि तिच्या शेजारी नाणी गिळणारा मीटर. शिलिंग टाकला की शेगडी पेटे. शिलिंग संपला की विझे. त्यामुळे आम्ही चारसहा मराठी मुले शिलिंग वाचवण्यासाठी एकाच खोलीत जमत असू. कितीतरी गप्पा, कितीतरी वाद आणि दोन लग्नेही त्या एका शेगडीभोवती जमली. त्यांतले एक आमचे. पुढे स्वतःचे घर घेतले, खोलीखोलीत रेडिएटर आला, आणि मुले आपापल्या खोल्यांची दारे लावून बसू लागली. आपण ऊब सर्वत्र वाटली आणि तिच्याभोवतीचे कोंडाळे मात्र मोडले, असे तेव्हा मला वाटे.

पण कोंडाळे मोडले असे म्हणणे अपुरे आहे, हे आता कळते. ते डोळ्यांआड झाले इतकेच. शेगडीपाशी बसलेल्याला शेजारचा दिसतो. रेडिएटरपाशी बसलेला एकटा दिसतो. पण त्याच्या पेटीतले पाणी क्षणापूर्वी दुसऱ्याच्या खोलीत असते. रशियात तर हे नाते घराच्याही बाहेर गेले. लेनिनग्राड झालेल्या त्याच पीटर्सबर्गात १९२४च्या नोव्हेंबरात वीजकेंद्राची उष्णता फोंटांका नदीकाठच्या एका घराला पोचवली गेली, आणि हळूहळू अवघी शहरे एका चुलीवर शेकू लागली.

अशी मोठी साखळी तुटते तेव्हा काय होते, तेही त्याच शहराने भोगले. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडची नाकेबंदी पुरी केली. त्या हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखाली उतरला. इंधन संपले, पेट्या गार पडल्या, नळ गोठून फुटले. लोकांनी पत्र्याच्या छोट्या शेगड्या मिळवल्या, त्यांची धुराडी खिडकीच्या झडपेतून बाहेर काढली आणि त्यांत खुर्च्या घातल्या, जमिनीच्या फळ्या घातल्या, शेवटी पुस्तके घातली. एका खोलीत, एका शेगडीभोवती, उरलेली माणसे पुन्हा एकत्र आली. २७ जानेवारी १९४४ला वेढा उठला तोवर सहा लाखांहून अधिक नागरिक भुकेने आणि थंडीने मेले होते. रेडिएटर जिथे जन्मला तिथेच त्याच्याविना ही पाळी यावी! आणि हे जुने झाले असेही नाही. २०२२पासून युक्रेनमधल्या शहरांनी वीज आणि उष्णता पुरवणाऱ्या केंद्रांवरचे हल्ले सोसले आहेत. भर हिवाळ्यात हजारो घरांतल्या पेट्या एकदम गार पडलेल्या जगाने पाहिल्या आहेत.

हे सारे मनात घोळत असताना प्लंबर आपले काम करीत होता. त्याने बॉयलरपाशी, जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळ्यांमध्ये, एक जोडनळी बसवली. घरातल्या सगळ्या चाव्या मिटल्या की दाबाने तिची झडप उघडते आणि पाणी तिथूनच परत फिरते. कायम उघड्या राहणाऱ्या पेटीची जबाबदारी अशी दुसऱ्याकडे सोपवल्यावरच त्याने पेटीला हात लावला. पान्याने दोन्ही बाजूंच्या चक्या सैल केल्या. खाली धरलेल्या परातीत उरलेसुरले काळे पाणी पडले. मग आम्ही दोघांनी ती आकड्यांवरून उचलली. मागच्या भिंतीवर तिच्या आकाराचा जुना रंग जसाच्या तसा होता. फिकट निळा, आम्ही घर घेतले तेव्हाचा.

जमिनीच्या दोन फळ्या उचलून त्याने तांब्याच्या नळ्या कापल्या. मला वाटले होते, भिंतीपाशीच कापून बुचे मारली की झाले. पण तो नळीच्या मागे मागे, जिथून तिचा फाटा फुटला होता तिथवर गेला. लांब तुकडा उरला तर त्यात पाणी साचून राहते, म्हणाला. जे वाहत नाही ते आतून कुजते. दोन्ही तोंडांवर पितळी टोपणे आवळून बसवली. मग पाणी भरले, त्यात गंज थोपवणारे औषध घातले, माडीवर जाऊन एकेका पेटीतली हवा सोडली, आणि बॉयलर पेटवला. सगळ्या पेट्या तापल्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाची पेटी पलंगापासून दूर आहे. तिची ऊब सौभाग्यवतींना पुरेशी होते.

एका फळीला त्याने चार स्क्रू लावून ठेवले आहेत, हवी तेव्हा उचलता यावी म्हणून. त्याने सांगितल्याप्रमाणे टोपणांखाली कोरा कागद ठेवला आणि आठवडाभर रोज सकाळी पाहिला. पाण्याचा थेंबभर डाग असता तरी दिसला असता.

"आज काय म्हणतो तुमचा कागद?" सौभाग्यवती पलंगावरून विचारीत.

"कोरडा आहे," मी सांगत असे.

आता त्या मोकळ्या भिंतीपाशी पलंग नीट बसला आहे. कडाक्याच्या थंडीत पूर्वी मी माझ्या अभ्यासिकेत बसून लिहीत असे. यंदा खुर्ची खाली आणली आहे. हा लेख त्या पलंगाशेजारी बसूनच लिहिला. पणत्यांसाठी वाती वळायला त्या एका हाताने मदत करतात. दुसरा हात मी आपल्या हातात धरून ठेवतो. त्यांना तो कळत नाही, पण गार पडला की मला कळतो.