काय हवं ते सांगा, वाट विचारू नका

एसक्यूएल ही संगणकाला माहिती विचारण्याची भाषा मी सध्या शिकतो आहे. मास्तरकीची खोड म्हणून तिचा इतिहासही चाळला. तो रंजक निघाला, म्हणून हे चार शब्द.

१९६० च्या दशकात माहिती संगणकात साठवली जाई, पण ती बाहेर काढणं प्रोग्रामरचंच काम. आयबीएमची 'आयएमएस' ही प्रणाली अपोलो मोहिमेतल्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी जन्मली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे. हवी ती नोंद गाठायची तर कुठल्या फांदीवरून कुठे वळायचं, हे प्रोग्राममध्ये लिहावं लागे. रचना बदलली की प्रोग्रामही बदला!

आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड हे गणिती होते. मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातले वैमानिक. १९७० मध्ये त्यांनी एक निबंध छापला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि ती आत कुठे, कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसावी, हे त्याचं सार.

पण कॉड यांची मांडणी गणिती चिन्हांची. सामान्य माणसाला ती कशी झेपणार? म्हणून त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये साध्या इंग्रजी शब्दांची भाषा मांडली. नाव 'सीक्वेल'. ते नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं आणि पुढे 'एसक्यूएल' झालं. बॉइस मात्र त्याच वर्षी, ऐन तारुण्यात अचानक गेले. आपल्या भाषेचं पुढे काय झालं, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

आता एक उदाहरण बघा:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर गाव = 'सासवड'

म्हणजे, विद्यार्थी या तक्त्यातून, ज्यांचं गाव सासवड आहे, त्यांची नावं निवडा. गंमत अशी, की या प्रश्नाचा अर्थ लावताना आधी तक्ता, मग अट आणि शेवटी निवड असाच क्रम धरतात. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठी माणसाला तो आपलाच वाटावा!

आयएमएस चांगली खपत असल्यामुळे आयबीएमने नव्या कल्पनेची घाई केली नाही. लॅरी एलिसन यांच्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये 'ओरॅकल' बाजारात आणलं. आयबीएमचं पहिलं एसक्यूएल उत्पादन त्यानंतर, १९८१ मध्ये आलं. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेची प्रमाणभाषा ठरली.

प्रोग्रामर नसलेल्यांनीही स्वतः प्रश्न विचारावेत, हे चेंबरलिन-बॉइस यांचं स्वप्न अर्धंच खरं झालं. ही भाषा मुख्यतः प्रोग्रामरच वापरत आले. तरी मला त्या स्वप्नाचं मोल वाटतं. कचेऱ्यांमधून आपण काय पाहिलं? माहिती सगळ्यांची, पण ती कुठल्या कपाटातल्या कुठल्या रजिस्टरात आहे हे एकट्या हेडक्लार्कला ठाऊक. तो रजेवर गेला की दाखला अडला. वाट ठाऊक असणं हीच त्याची सत्ता.

कॉड यांनी संगणकातली ती सत्ता काढून घेतली. प्रश्न नीट मांडण्याची जबाबदारी तेवढी आपल्यावर ठेवली, आणि ती कुणालाही शिकता येते.