ताल, लय आणि नाच : शब्दांचा मागोवा

चाळीस वर्षे कापड मोजण्यात गेल्यामुळे संगीतातील ‘मात्रा’ हा शब्द मला कधी परका वाटला नाही. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. कापड गजाने मोजावे, तसा काळ मात्रेने मोजावयाचा.

तालाचे शास्त्र सविस्तर मांडणारे शार्ङ्गदेव हेही हिशेबाच्याच क्षेत्रातील! तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ते हिशेबखात्याचे प्रमुख होते. त्यांच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातील सात अध्यायांपैकी पाचवा तालाचा व सातवा नृत्याचा आहे. त्यात १२० देशी तालांची नोंद आढळते. त्यांच्या मते ‘ताल’ शब्दाचे मूळ ‘तल्’ हा धातू. त्याचा अर्थ स्थिर प्रतिष्ठित होणे. गीत, वाद्य व नृत्य ही तिन्ही या पायावर उभी असतात.

संस्कृतात ‘ताल’ म्हणजे हातांची टाळीही होय. आपले ‘टाळ’ व ‘टाळी’ हे शब्द त्यातूनच आले. यादवांच्याच राज्यात, आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी अवतरली. तिचे वाचन करणारा वारकरी हाती टाळ घेतो, तेव्हा हाच प्राचीन शब्द तो वाजवीत असतो.

संस्कृत ‘नृत्य’ प्राकृतात ‘णच्च’ झाले आणि मराठीत ‘नाच’. जैन ग्रंथकारांनी प्राकृत भाषा जतन केल्यामुळेच ही मधली पायरी आज आपणांस स्पष्ट दिसते. जैन आचार्य पार्श्वदेव यांनी तर ‘संगीतसमयसार’ हा संगीतावरील स्वतंत्र ग्रंथच रचिला.

‘लेझीम’ मात्र फारसीतून आले. मुळात ते व्यायामाचे, साखळी लावलेले धनुष्य. पुढे ते आपल्या आखाड्यांत व शाळांत असे रुळले, की त्याचे परकेपण कोणास आठवतही नाही.

शेवटचा शब्द ‘लय’. ‘ली’ म्हणजे विलीन होणे. शार्ङ्गदेवांनी दोन क्रियांमधील विश्रांतीस लय म्हटले आहे. विश्रांती लहान तर द्रुत, मोठी तर विलंबित. आजच्या मिरवणुकांत कर्ण्यांचा आवाज क्षणभरही थांबत नाही. तेथे ठोके पुष्कळ असतात, लयीला मात्र जागा उरत नाही. पुढील पिढीच्या हाती हे शब्द सोपविताना त्यांच्यातील ही विश्रांतीही सोपवावी, एवढीच नम्र विनंती.