आजीच्या माहेरची लढाई

आमच्या वरोऱ्याच्या घरात आजी-आजोबांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ती गोष्ट दोघांच्याही जन्माआधीची होती. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई इंग्रजांच्या बाजूनं उभी राहिली नसती, तर बाबूराव शेडमाके हरले असते का? आजी म्हणायची, नसते हरले. आजोबा म्हणायचे, चार महिने उशिरा हरले असते. एवढ्यावर एखाद्या संध्याकाळचं वरण करपलेलं मला आठवतं.

आजीचं माहेर घोटाकडचं. जंगलाच्या, तलावांच्या, भाताच्या मुलखातली पोर लग्न होऊन ज्वारी-कापसाच्या वरोऱ्यात आली. इथली भाकरी तिनं जन्मभर खाल्ली, पण ‘जेवलो’ असं ती भात खाल्ल्याशिवाय म्हणत नसे. उन्हाळ्यात माहेरून गाठोडं यायचं: वाळलेली मोहफुलं, चारोळी, टेंभरं आणि एका बाटलीत टोरीचं तेल. त्या तेलाचा वास आजोबांना सोसायचा नाही. ते ओसरीवर पेपर घेऊन बसायचे, आणि आत आजी मोहफुलं भाजता भाजता तिच्या आजीकडून ऐकलेली लढाई आम्हाला सांगायची. तिची आजी तेव्हा लहान पोर होती. म्हणजे माझ्यापर्यंत ही हकिकत दोन तोंडांतून आली. त्यात किती मीठ पडलं असेल, ते तुम्हीच समजा.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले 1853 च्या डिसेंबरात वारले, पोटी मुलगा नव्हता. पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं आणि चांद्याला इंग्रज डेप्युटी कमिशनर बसला. (चंद्रपूरला आजी शेवटपर्यंत चांदाच म्हणायची.) मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबूराव तेव्हा विशीतले. त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिले जमवले, आणि 1858 च्या मार्चमध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. डेप्युटी कमिशनर क्रिक्टननं फौज धाडली, तिला 13 मार्चला नांदगाव-घोसरीजवळ मार खावा लागला. मग अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबूरावांना येऊन मिळाले. इथं आजीचा आवाज चढायचा, कारण घोट म्हणजे तिचं घर. “आमचा राजा गेला ना मग!” गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून माणसांनी गोटे ढकलले, खाली शिपाई कसे पळाले, हे ती हातातला झारा फिरवून दाखवायची. एकदा त्या झाऱ्यातली फुलं माझ्या धाकट्या काकाच्या डोक्यावर पडली.

29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. हॉल आणि गार्टलँड हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर निसटला. यानंतर क्रिक्टन चवताळला. पण जंगलात नुसतं चवताळून भागत नाही. पाऊस लागला, नाले भरले, आणि बाबूराव काही सापडेनात. एकदा भोपालपट्टणमला रोहिल्यांनी त्यांना धरलंसुद्धा, तर तिथूनही ते निसटले. तेव्हा क्रिक्टननं लक्ष्मीबाईला गाठलं: बाबूरावांना पकडून दे, नाहीतर तुझी जमीनदारी राहत नाही.

इथून पुढं आजीच्या गोष्टीला दोन वाटा होत्या. तिचा राग ताजा असला की लक्ष्मीबाईनं जेवायला बोलावून, पानावर बसवून धरलं. मन जरा निवळलेलं असलं की बाईच्या माणसांनी वाटेत गाठलं आणि बाई आत रडत बसली. 18 सप्टेंबरला बाबूराव पकडले गेले, ही तारीख मात्र कागदावरची आहे. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या जेलात त्यांना फाशी झाली. दोर पुन्हा पुन्हा तुटला, हे आजी शपथेवर सांगायची.

आजोबा रेल्वेत पार्सल बाबू होते. वर्ध्याहून वरोऱ्याला गाडी आली ती इथल्या कोळशासाठी. खाण 1906 ला बंद पडली, गाडी राहिली, आणि गाडीबरोबर पेपर येत राहिला. लढायांबद्दलची त्यांची मतं त्या पेपरातली. 1941 च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा स्टेशनावर सगळे म्हणत होते, झालं, आता जर्मनी संपला. आजोबा म्हणे एकटेच म्हणाले, रशियानं मॉस्कोच्या दारात त्याला अडवलाय, ते आधी बघा. पुढच्या ऑगस्टात चिमूर पेटलं. चिमूर तेव्हा आपल्याच तहसिलीत, त्यामुळं मग जगाच्या लढाईकडं बघायला कुणाला सवड उरली नाही.

तर आजोबांचं म्हणणं असं. दिल्ली पडली सप्टेंबर 1857 मध्ये, लखनौ मार्चमध्ये, झाशीची राणी जूनमध्ये गेली. नागपुरात भोसल्यांच्या बाकाबाईंनी आपल्या माणसांना हलू दिलं नाही. प्राणहितेपलीकडं निजामाचा मुलूख, तिथं सालारजंगनं हैदराबाद इंग्रजांच्या मुठीत ठेवलं. “दोन्ही दारं बंद, आणि मधल्या खोलीत हा एकटा पोरगा. अहेरीवाली बाई मदतीला गेली असती, तरी काय झालं असतं?” आजी आतून ओरडायची, “जंगलाले दार नसते!”

आता मीच आजोबांच्या वयाला आलो आहे, आणि माझा कल थोडा आजीकडं झुकतो. एप्रिल ते सप्टेंबर पलटणीला जे जमलं नाही, ते अहेरीच्या माणसांना जमलं, कारण त्यांना वाटा ठाऊक होत्या, कोणाच्या घरी कोण कोणाचा पाहुणा हे ठाऊक होतं. जंगलातल्या लढाईत तोफेपेक्षा अशा शेजाऱ्याचं वजन जास्त. बाबूराव सापडले ते लक्ष्मीबाईमुळंच. पण ते सापडले नसते तर चांद्यावरचं इंग्रजांचं निशाण उतरलं असतं, असं काही मला म्हणवत नाही. ते नागपूर-हैदराबादकडं ठरत होतं. बाकाबाईंवर मात्र आमच्या घरात कधी कुणी शिव्या खर्च केल्या नाहीत. दूरच्या माणसावर एवढं चिडता येत नाही.

व्यंकटराव बस्तरात गेले, 1860 मध्ये पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली. अडपल्ली आणि घोटची गावं इंग्रजांनी जप्त केली आणि लक्ष्मीबाईला बक्षीस दिली. म्हणजे आजीच्या माहेरची शेतं, तलाव, मोह सगळं अहेरीकडं गेलं. आजीचे पणजोबा बांबू तोडत होते, ते तोडतच राहिले; वसुली फक्त दुसऱ्या दारी पोचवायची. आजीच्या रागाचं मूळ, मला वाटतं, इथं होतं. फाशी तिनं ऐकलेली, वसुली तिच्या बापानं भरलेली.

मागं एकदा 21 ऑक्टोबरला चंद्रपूरला जेलच्या पिंपळाकडं गेलो होतो. त्या दिवशी तिथं गावोगावची माणसं येतात. रांगेत माझ्यापुढं अहेरीकडचे एक म्हातारे होते. मी कुठला काय ते सांगितलं, आजीची गोष्टही सांगितली. ते म्हणाले, “राणीले काहून बोल लावता जी? थे ऐकली नसती, तर आमची गावं जाळली असती गोऱ्यानं. थे गावं कोणी मोजते का?” बाहेर येऊन चहाच्या टपरीवर आम्ही तास-दीड तास भांडलो. आजी सोबत असती तर त्यांची अहेरीची शेवटची बस नक्की चुकली असती.