खुलासा संसदेपुढे यावा

रुपयाची किंमत ज्यांच्या हाती, त्यांनी आपल्या निर्णयांचा जाब कोणाला आणि किती उघडपणे द्यायचा? मध्यवर्ती बँकांच्या पारदर्शकतेचा सारा अभ्यास या प्रश्नाभोवती उभा आहे. विषय रुक्ष वाटतो, परिभाषा अवघड वाटते, म्हणून पुष्कळ वाचक पहिल्या दोन पानांतच माघार घेतात. त्यांनी माघार न घेता वाचत राहावे यासाठी ही प्रस्तावना. घरकर्जाचा हप्ता भरणारा किंवा मुदत ठेवीच्या व्याजावर महिना काढणारा प्रत्येक माणूस या विषयात आधीपासूनच आहे.

मराठी वाचकाला तर हा प्रश्न परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, तेव्हा रिझर्व्ह बँक स्थापन व्हायला बारा वर्षे अवकाश होता. चलन किती काढायचे हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोपवायला त्यांचा विरोध होता. ती मर्जी नियमाने बांधावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 मध्ये, चिंतामणराव देशमुख झाले.

इतर देशांचा अनुभव पाहिला, तर बँकांनी आपण होऊन फारसे काही उघड केल्याचे दिसत नाही. लोकप्रतिनिधींनी लावून धरले तेव्हाच बरेच काही हाती लागले. अमेरिकेत 1993 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष, टेक्सासचे हेन्री गोन्झालेझ, यांनी तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, बैठकींच्या नोंदींचा पिच्छा पुरवला. तेव्हा कळले की बैठकींची शब्दशः टिपणे वर्षानुवर्षे जपून ठेवलेली आहेत. बहुतेक सदस्यांनाही याचा पत्ता नव्हता. आता ती पाच वर्षांनी प्रसिद्ध होतात.

इथे एक खरी शंका उभी राहते. आपले बोलणे पुढे छापले जाणार हे ठाऊक असले, तर सदस्य मोकळेपणाने बोलतील का? हॅन्सन, मॅकमॅहन आणि प्राट या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1993 च्या त्या घटनेच्या आधीची आणि नंतरची बैठकींतली भाषणे संगणकाच्या मदतीने ताडून पाहिली. परिणाम दोन्ही बाजूंनी सापडले. नवखे सदस्य बहुमताच्या सुरात सूर मिसळू लागले. पण तेच सदस्य अधिक तयारीने, अधिक आकडेवारी घेऊन येऊ लागले, आणि तयारीचे पारडे जड ठरले. विरोधकांची शंका मान्य करूनच हा निष्कर्ष पुढे जातो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

आपल्याकडे 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली. व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली, महागाईचे लक्ष्य 4 टक्के ठरले, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा मिळाली. प्रत्येक सदस्याचे मत आणि त्यामागची कारणे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी नावानिशी प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. नव्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी. जून 2024 चे इतिवृत्त काढून पाहा. चार सदस्य रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, 6.50 टक्क्यांवरच ठेवा म्हणतात. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा हे बाहेरचे दोन सदस्य पाव टक्का कपात मागतात. महागाई वजा जाता उरणारा व्याजदर गरजेपेक्षा चढा आहे आणि त्याची झळ विकासाला बसते आहे, हे त्यांचे म्हणणे. मतभेद असा चारचौघांत आला म्हणून ना बाजार कोसळला, ना बँकेची पत गेली.

पण त्याच कायद्यात एक मोठी उणीव राहून गेली. महागाईची सरासरी सलग तीन तिमाही मर्यादेबाहेर राहिली, तर लक्ष्य का हुकले, उपाय कोणते आणि गाडी रुळावर यायला किती काळ लागेल, याचा अहवाल बँकेने केंद्र सरकारला द्यायचा असतो. 2022 मध्ये ही वेळ पहिल्यांदा आली. 3 नोव्हेंबरला त्यासाठी खास बैठक झाली, अहवाल सरकारकडे गेला. डिसेंबरमध्ये लोकसभेत विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले की तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही. उत्तर कायद्याला धरून होते. तरतूद नाही, कारण संसदेने ती केलेली नाही. ब्रिटनमध्ये असे पत्र प्रसिद्धच होते. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मर्विन किंग यांनी पहिले पत्र एप्रिल 2007 मध्ये लिहिले, महागाई 3.1 टक्के झाली म्हणून.

महाराष्ट्रात हा विषय महागाईपाशी थांबत नाही, कारण बँकांवर देखरेख ठेवण्याचे कामही रिझर्व्ह बँकेचेच. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर 2013 मध्ये तिचे निर्बंध आले, परवाना 2022 मध्ये रद्द झाला. मधली वर्षे ठेवीदारांनी आपल्याच पैशांची वाट पाहण्यात घालवली. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या खातेदारांना अचानक कळले की हजार रुपयांपलीकडे काढता येणार नाहीत. तिथे तपासनीसांचीही फसवणूक झाली होती, हे खरे. तरी रिझर्व्ह बँकेला एखाद्या बँकेच्या तपासणीत काय आढळते, हे ठेवीदाराला कळायलाच हवे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये तसा निकाल दिला होता: तपासणी अहवाल माहितीच्या अधिकाराखाली द्यावे लागतील. पुढे बँकांनी आव्हान दिले आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला. संसदेने स्पष्ट कायदा केला असता, तर ठेवीदाराला असे ताटकळावे लागले नसते.

सगळे तत्काळ उघडे करा, अशी मागणी कोणीच करू नये. अडचणीतल्या बँकेला रात्री रोकड पुरवल्याचे सकाळी जाहीर झाले, तर वाचू शकणारी बँकही बुडेल. त्यावर उपाय मुदतीचा. डॉलरची किती खरेदी-विक्री केली, हे रिझर्व्ह बँक आजही सुमारे दोन महिन्यांनी आपल्या मासिकात छापतेच. स्वायत्ततेला धक्का लागेल, हा आक्षेपही टिकत नाही. निर्णय झाल्यावर त्याची कारणे वाचणारा खासदार रेपो दर ठरवत नसतो. उलट नोंदी खुल्या असल्या तर सरकारला पडद्याआडून दबाव आणणे अवघड होते.

महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 सदस्य जातात, आणि बँकेचे मुख्यालय मुंबईत फोर्टला आहे. या सर्व खासदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे. लक्ष्य हुकल्याचा अहवाल ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहांच्या पटलावर यावा. बँकांचे तपासणी अहवाल मुदतीनंतर खुले व्हावेत. अर्थविषयक स्थायी समितीपुढे गव्हर्नर जी साक्ष देतात ती बंद दाराआड होते; वर्षातून दोनदा तरी ती जनतेला ऐकू द्यावी. यासाठी कोणत्याही पक्षाला आपली आर्थिक भूमिका सोडावी लागत नाही. खासगी विधेयक मांडण्याचा हक्क मंत्री नसलेल्या प्रत्येक खासदाराला आहे. पुढच्या अधिवेशनात कोणी तरी ते मांडावे, आणि बाकीच्यांनी पक्ष न पाहता त्याला पाठिंबा द्यावा.