लबाड, धूर्त आणि सव्वीस लाख

वसईच्या होळी बाजारात सुकेळी घेत होतो. दाखवलं वरचं पुडकं, हातात आलं खालचं. म्हटलं, "काय लबाड आहात हो मावशी!" मावशी खुदकन हसल्या. 'धूर्त' म्हटलं असतं तर पुडकं परत टोपलीत गेलं असतं. लबाड आपण रांगत्या नातवालाही म्हणतो; त्याला धूर्त म्हणून पाहा बरं, सूनबाई चहा देणार नाहीत!

इंग्रजीत हाच घोळ. कनिंग, क्राफ्टी, स्लाय या तिन्हींचा अर्थ आमच्या मास्तरांनी 'धूर्त' असा एकच लिहून दिला होता. प्रत्यक्षात कनिंग मूळचा जाणकार, क्राफ्टी कसबी. पुढे दोघेही संगतीनं बिघडले. स्लाय मात्र मांजरपावलानं येणारा. आपल्याकडे उलट एकाला बढती मिळाली. मोगली दफ्तरातला मुत्सद्दी म्हणजे साधा कारकून. मराठीत येऊन तो थेट राजकारण करू लागला.

होळीहून किल्ला काही लांब नाही. 1739 साली चिमाजीअप्पांनी त्याच्या तटाखाली सुरुंग ठासले. ते कसबाचं काम, म्हणून क्राफ्टी, पण जुन्या, अब्रूदार अर्थानं.

खरी पंचाईत 1802ची. 25 ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा धुव्वा उडवला आणि दुसरे बाजीराव कोकणात उतरून समुद्रमार्गे वसईला आले. इंग्रजांकरवी होळकरांचा काटा काढायचा, असा रावसाहेबांचा हिशेब. 31 डिसेंबरला तह झाला. इंग्रजांची निदान सहा हजारांची पायदळ फौज, तिच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख, आणि इतर दरबारांशी बोलायचं तर आधी कंपनीला विचारायचं! सही करून बाजीरावांनी शिंदे-भोसल्यांशी आतून संधान ठेवलंच. हा स्लाय, शंभर नंबरी.

पण इंग्रजांना काय म्हणावं? त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, सारं कलमवार लिहिलेलं. लबाड म्हणावं तर पुरावा नाही. मी कनिंग म्हणेन. सहीनंतर कागद काय काय करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 1818 साली राज्य गेलं. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन बाजीराव बिठूरला गंगास्नान करू लागले.

घरी येऊन पुडकं सोडलं. सुकेळी मधासारखी निघाली. लबाड हा शब्द मागे घ्यायला पुन्हा होळीला जाणं आलं.